बाईसाहेबांची साक्ष

४ जून

ताई,

फोनच करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस. म्हणून लिहिते. सावकाश वाच, कारण मी रागात आहे आणि अक्षरही त्याप्रमाणेच आलं आहे.

आमच्या वाचनमंडळाबद्दल तुला थोडं सांगितलं होतं. दर शनिवारी दुपारी छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमतो. खाली यंत्र चालू असलं की वर खुर्च्या थरथरतात. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, आम्ही त्यांना जजसाहेब म्हणतो. त्यांची नोकरी सुटली, पण कोर्ट काही सुटलेलं नाही. त्यांनी मंडळात एक पद्धत पाडली आहे. पुस्तकातलं एकेक पात्र एकेका सभासदानं घ्यायचं, भिंतीजवळच्या हाताच्या खुर्चीत बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याची उलटतपासणी करायची. खुर्चीतल्या माणसानं 'मी' म्हणूनच उत्तर द्यायचं. पुस्तकात नसलेलं विचारलं तरी पात्राच्या मनात शिरून सांगायचं. बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर आमचे चिटणीस आहेत, ते सगळं लिहून घेतात. जजसाहेबांच्या लेखी ती साक्ष असते आणि ती कुणी फिरवायची नाही. मजा येते, खोटं कशाला बोलू. मागच्या पुस्तकात मी एका दरोडेखोराची सासू झाले होते आणि सगळ्यांना पुरून उरले होते.

या वेळचं पुस्तक ऐतिहासिक कादंबरी आहे, आपल्याच गावच्या मोठ्या साथीवरची. जाडजूड, मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेली बाई. ही बाई म्हणजे बाईसाहेब, एका बड्या घराण्याची सून. साथ येते, आजारी घरातल्या बाळंतिणींना कुणी दार उघडत नाही, मग बाईसाहेब घोड्यावरून उतरतात, नदीकाठचं कापसाचं गोदाम उघडवतात, पाणी उकळायला ठेवतात आणि बाळंतपणं करतात. दमतात, पण केस विस्कटत नाहीत.

ताई, गोदाम कुणी उघडवलं? कापसाच्या गाठी ढकलून जागा कुणी केली? तुला हे सगळं माहीत आहे, पण मला लिहू दे, नाहीतर राग उतरायचा नाही. आपल्या आजीनं. सुईणीचं काम करणाऱ्या, सगळं गाव जिला आक्का म्हणायचं त्या आपल्या आजीनं. तिच्याकडे घोडा नव्हता. धड चप्पलसुद्धा नव्हती.

इथपर्यंत मी गिळलं. लेखिकेनं कुठेतरी ऐकलेल्या गोष्टी घेतल्या आणि एका देखण्या बाईच्या अंगावर चढवल्या, होतं असं. पण गेल्या शनिवारी मंडळातल्या डेंटिस्टबाई उठल्या. म्हणाल्या, प्रसूतिगृहाची नवी इमारत होते आहे, जुनी पाटी रंगकामासाठी उतरवलीच आहे, तर नव्या पाटीवर बाईसाहेबांचं नाव का असू नये? मंडळानं नगरपालिकेकडे तसा अर्ज करावा. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण लहान असल्यापासून जिथे 'आक्का प्रसूतिगृह' लिहिलेलं आहे, तिथे आता एका पुस्तकातल्या बाईचं नाव.

मी म्हटलं, अहो, पण आक्का खरी होती. तर त्या म्हणाल्या, असेल हो, पण आक्का म्हणजे कोण, हे आता कुणाला माहीत आहे? मला माहीत आहे, तुला माहीत आहे, पण आपण यांच्या हिशेबी कुणी नाहीच.

तू थोरली नात आहेस. उभा जन्म हॉस्पिटलात काढलास, तुझ्या शब्दाला वजन आहे. नगरपालिकेला पत्र लिही. आणि कडक लिही.

तुझी,
चिंगी

१५ जून

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. शेवटच्या ओळीत पेन कागदातून आरपार गेलं आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना?

मी पत्र लिहिणार नाही. का ते ऐक. ऑपरेशन थिएटरात मी हयात काढली. ज्या डॉक्टरानं हातमोजेसुद्धा घातले नव्हते त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा, आणि ज्यानं रोग्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं तो कँटीनमध्ये गार चहा पीत बसलेला असायचा. पहिली काही वर्षं माझं रक्त उकळलं. मग लक्षात आलं की आपलंच रक्त उकळतं, बाकी कुणाचं काही होत नाही. तेव्हापासून सोडून द्यायला शिकले.

कादंबरी आहे ती. कादंबरीत घोडे असायचेच. लोकांना देखणी बाई आवडते, रडायला बरं पडतं. पुढच्या महिन्यात तुमचं दुसरं पुस्तक सुरू होईल आणि तुझे ते जजसाहेब तिसऱ्याच कुणाची तरी तपासणी घेत बसतील. आणि नगरपालिकेचं म्हणशील, तर तुझ्या गल्लीतला दिवा लागावा म्हणून तू किती अर्ज केलेस, ते आठव. तो लागला का? मग यांच्या अर्जावर पाटी बदलेल असं तुला कसं वाटतं?

आक्का असती तर तिनं एक चिमूट तपकीर ओढली असती, दणकून शिंकली असती आणि कामाला लागली असती. तूही तसंच कर, तपकीर सोडून.

माझा गुडघा जिना उतरू देत नाही. तिसऱ्या मजल्यावरून जग बघते आहे आणि सुनेच्या कुंड्यांना पाणी घालते आहे. पुस्तक मात्र मी मागवते, सून ग्रंथालयात जात असतेच. वाचल्याशिवाय भांडण्याची सवय तुझी, माझी नाही.

तुझी,
ताई

२९ जून

ताई,

तुझ्या शांतपणाचासुद्धा मला राग येतो. 'घोडे असायचेच' म्हणे.

शनिवारी मी तयारीनं गेले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखिकेनं स्वच्छ लिहिलं आहे की बाईसाहेब हे पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे. ते पान मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, आता बोला. जजसाहेब हसले. म्हणाले, बाई, असल्या टिपा लोक कोर्टकचेरीच्या भीतीनं घालतात, आणि काल्पनिक आहे असं जिथे मुद्दाम लिहावं लागतं तिथेच खरं असतं, हा माझा अनुभव आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बघ म्हणजे. लेखिका स्वतः सांगते आहे की मी ही बाई मनानं रचली, आणि हे तिलाच सांगणार की छे, छे, ती होती.

मग मी आक्काचं सांगितलं. गोदाम, कापसाच्या गाठी, रोग्याच्या घरातून उचलून आणलेल्या बायका, सगळं. जजसाहेबांनी विचारलं, फोटो आहे? नाही. तिनं काही लिहून ठेवलं आहे? तिला लिहिता येत नव्हतं. मग तुम्हाला हे कुणी सांगितलं? आईनं. "म्हणजे ऐकीव," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की समोरचा पाण्याचा पेला त्यांच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला. या गावातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत चित्रकला शिकवली आहे, त्यांच्यासमोर मी गृहपाठ विसरलेल्या पोरीसारखी उभी.

पुढचं ऐक. बाईसाहेबांच्या खुर्चीत डेंटिस्टबाई बसणार होत्या, पण त्यांचा घसा बसला. जजसाहेब म्हणाले, तुम्ही एवढं तळमळीनं बोलताय तर तुम्हीच बसा. मी बसले. मनात म्हटलं, आता या बाईचं पितळ उघडं पाडते. पहिलाच प्रश्न आला, गोदामात भीती वाटली नाही का? मी आक्काचं उत्तर दिलं. म्हटलं, भीती वाटायला सवड कुणाला होती, पाणी उकळायचं होतं. कॅशियरनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. उत्तरं सगळी आक्काची आणि टाळ्या सगळ्या बाईसाहेबांना.

भयंकर राग आला, असं लिहिणार होते. आलाही होता. पण घरी येताना मी चक्क गुणगुणत होते, ते शेजारणीनं दाखवून दिलं तेव्हा लक्षात आलं.

पुस्तक तू मागवू नकोस. छपाई बारीक आहे, तुझ्या डोळ्यांना झेपायची नाही. मी सांगतेच आहे की सगळं.

चिंगी

२० जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही. गुडघ्याचं दुखणं वाढलं की काय? मी मात्र लिहिते, कारण बातम्या चांगल्या आहेत.

पाटीचा प्रश्न सुटल्यासारखा आहे. जजसाहेब स्वतः घरी आले होते. त्यांनी तोडगा काढला. बाहेर मोठ्या पाटीवर बाईसाहेबांचं नाव, आणि आत, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारच्या भिंतीवर, आक्काच्या नावाची एक लहान पाटी. 'येथील जुन्या सुईण' असं त्याखाली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई पाणी प्यायला तिथे थांबणार, म्हणजे बाहेरच्यापेक्षा तीच पाटी जास्त वाचली जाईल, असं ते म्हणाले. विचार केला तर खरं आहे ते. पूर्ण नाव पुसण्यापेक्षा हे बरं.

आणि त्या खुर्चीचं काय सांगू. सलग तीन शनिवार मीच बसते आहे. बाहेरची माणसं ऐकायला येतात, जिन्यात उभी राहतात. परवा फळवाल्यानं मला 'या बाईसाहेब' म्हटलं, आणि त्यात टिंगल नव्हती. शेवटच्या प्रकरणाचं वाचन मी केलं. साथ संपते, बाईसाहेब इतके दिवस नातेवाइकांकडे ठेवलेल्या आपल्या लहानग्या मुलीला आणायला जातात, आणि ती पोर 'आई' म्हणून ओरडत येऊन गळ्यात पडते. डेंटिस्टबाई हमसून हमसून रडल्या. जजसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. तूही असतीस तर रडली असतीस.

पुढच्या महिन्यात या पुस्तकाची शेवटची बैठक आहे. छापखान्याची खोली पुरणार नाही म्हणून शाळेचा हॉल घेतला आहे. नगरपालिकेचे मुख्याधिकारी येणार आहेत, त्यांच्यासमोर बाईसाहेबांची शेवटची साक्ष होईल आणि मग तिथेच त्यांना पाटीचा अर्ज द्यायचा. व्यासपीठावर माझी खुर्ची मधोमध आहे.

तूच बरोबर होतीस. कादंबरी आहे ती, कादंबरीसारखी घ्यावी. मी उगाच डोक्यात राख घालून घेतली.

चिंगी

२८ जुलै

चिंगे,

छपाई अजिबात बारीक नाही.

सुनेनं पुस्तक आणलं. मी उत्तर दिलं नाही कारण मी वाचत होते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सातव्या प्रकरणापाशी पोचले होते. तू सातवं प्रकरण वाचलं आहेस. वाचलं नाहीस असं मला सांगू नकोस.

गावची सुईण. लठ्ठ, तपकिरीनं नाक भरलेली, बोलताना शिंकणारी. साथीची पहिली बातमी येते तेव्हा ती एका बाईचं बाळंतपण करत असते. बाईला कळा चालू आहेत, आणि ही सुईण हात धुऊन मागच्या दारानं निघते, होडीत बसते आणि नदीपार पळून जाते. मग घोड्यावरून बाईसाहेब येतात आणि म्हणतात, जाऊ द्या तिला, तिची कुवत तेवढीच.

मी पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायले. सून घाबरून विचारायला लागली, आई, काय होतंय. मी म्हटलं, काही होत नाही, संताप होतो आहे.

हो, आक्का लठ्ठ होती. हो, तपकीर ओढायची, आपल्या सगळ्या उशांना तो वास होता. त्या गावात तपकीर ओढणारी दुसरी सुईण नव्हती. म्हणजे वाचणाऱ्याला ओळख पटायला जागा ठेवली, आणि मग तिचं काम उचलून घोड्यावरच्या बाईला दिलं आणि तिच्या वाट्याला पळून जाणं ठेवलं. नुसतं तिचं काम चोरलं असतं तर मी म्हणाले असते, जाऊ दे. श्रेय गेलं तर गेलं, निदान बाळंतिणीला अर्ध्यात टाकून गेली असं कुणी म्हणू नये. मी नर्स आहे, चिंगे. टेबलावरच्या माणसाला अर्ध्यात टाकून जाणं याच्यापेक्षा हलकी गोष्ट आमच्या धंद्यात नाही. आणि ती आक्कावर लिहिली आहे, छापली आहे, आणि माझी बहीण त्याच पुस्तकातल्या बाईच्या खुर्चीत बसून टाळ्या घेते आहे.

मला सगळं सांगते आहेस म्हणालीस. हे का नाही सांगितलंस?

आणि तो नळ. जी पळाली असं अख्खं गाव आता पुस्तकात वाचतंय, तिचं नाव पाण्याच्या नळाशेजारी लावणार. लोक तिथे खरकटे पेले विसळतील. हा तोडगा तुला पटला? तुला नाव पुसलं जाण्याचा राग आला होता, तोपर्यंत तू माझी बहीण होतीस. तुझ्या टाळ्या सुरू झाल्या आणि राग संपला.

नगरपालिकेला मी पत्र टाकलं आहे. कडक लिहिलं आहे. तू ती खुर्ची सोड.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

जूनमध्ये मी हात जोडून सांगत होते की पत्र लिही. तेव्हा तू गार चहा पिणाऱ्या डॉक्टरांच्या गोष्टी सांगत बसलीस. मी एकटी त्या खोलीत उभी राहिले, एकटीनं अपमान गिळला. आता तुला उकळी फुटली आणि तिसऱ्या मजल्यावरून हुकूम सुटले. खुर्ची सोड म्हणे.

सातवं प्रकरण मी वाचलं होतं. तुला सांगितलं नाही कारण तुला लागलं असतं. मंडळात ते प्रकरण वाचायची पाळी माझीच होती. ती पानं मी गाळली, दोन पानं एकदम उलटली आणि पुढे वाचत गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुढे घोडा येतो. एवढं मी तिच्यासाठी केलं आहे.

आणि एक सांगते, तुला आवडणार नाही. मी अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांकडून मडक्यांची आणि सफरचंदांची चित्रं काढून घेतली. निवृत्त झाले तेव्हा एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते मागे पडतं. लग्न नाही, मूल नाही, कुणी वाट बघणारं नाही. आता मी आत आले की खोली उठून उभी राहते. मला ते आवडतं. हो, आवडतं. नातवंडांनी भरलेल्या घरात बसून तुला ते कळायचं नाही.

अर्ज देणार आहेत. मी एकटीनं नको म्हणून तो थांबणार नाही. मग निदान व्यासपीठावर आक्काच्या घरचं कुणीतरी असू दे.

चिंगी

१२ ऑगस्ट

चिंगे,

नगरपालिकेचं उत्तर आलं. छापील कार्ड आहे. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे म्हणतात. मी अर्ज केलाच नव्हता, मी त्यांना फैलावर घेतलं होतं.

तेव्हा मी दुसरा रस्ता धरला. तुमच्या वाचनमंडळाची मी सभासद झाले आहे. वर्गणी पाठवली, कॅशियरचं फार सभ्य पत्र आलं. बाहेरगावच्या सभासदाला शेवटच्या बैठकीत पात्राला एक लेखी प्रश्न विचारता येतो, तो अध्यक्ष स्वतः वाचतात, आणि पात्राला उत्तर द्यावंच लागतं, असं त्यांनी कळवलं आहे.

माझा प्रश्न मी जजसाहेबांना टाकला आहे. तुला सांगणार नाही. तुझी बहीण म्हणून मी तुला काही विचारणार नाही, बाईसाहेबांना विचारणार आहे.

ताई

२५ ऑगस्ट

ताई,

तू किती आतल्या गाठीची आहेस.

हॉल भरला होता. मुख्याधिकारी पहिल्या रांगेत, अर्ज त्यांच्या शेजारी डेंटिस्टबाईंच्या मांडीवर. सगळे नेहमीचे प्रश्न झाले. मी छान उत्तरं दिली, तुला खोटं सांगत नाही, इतकी छान मी आजवर कधी दिली नव्हती. मग जजसाहेबांनी तुझा कागद उघडला, वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, बाहेरगावच्या एका भगिनीनं फार हृद्य प्रश्न विचारला आहे. आणि मोठ्यानं वाचलं, "बाईसाहेब, साथ संपल्यावर तुम्ही मुलीला आणायला गेलात, तेव्हा तिनं तुम्हाला काय हाक मारली?"

उत्तर सगळ्यांना पाठ. डेंटिस्टबाईंनी रुमाल आधीच काढला. मी 'आई' म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द निघेना.

आपली आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची ना, 'आक्का, तुमचं पाणी तापलंय.' स्वतःच्या आईला आक्का, आणि तुम्ही. लहानपणी आपल्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही, आपल्याला वाटायचं असंच म्हणतात. साथ संपेपर्यंत आक्कानं तान्ह्या पोरीला शेजारणीकडे ठेवलं. आपल्या अंगाबरोबर रोग जाईल म्हणून ती त्या दाराच्या जवळपाससुद्धा फिरकली नाही. आणायला गेली तेव्हा पोरीनं ओळखलंच नाही, शेजारणीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मग बोलायला लागली तेव्हा गाव जे म्हणत होतं तेच म्हणायला शिकली. पुढे कळतं वय झालं तरी तिच्या तोंडात दुसरं काही बसलं नाही. आक्का गेली तेव्हासुद्धा आई 'आक्का' म्हणूनच रडली.

जजसाहेब म्हणाले, बाईसाहेब, उत्तर द्या. मी म्हटलं, "आक्का."

त्यांना वाटलं मी चुकले. प्रश्न नीट ऐकलात ना, असं त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "ऐकला. मला कुणी हाक मारली नाही, कारण मी नव्हते. मला मुलगी नव्हती आणि घोडाही नव्हता. मला लेखिकेनं आत्ता आत्ता लिहिलं आहे. गोदामात जी होती, ती सुईण होती. ती पळाली नाही. ती राहिली, म्हणून तिच्या मुलीनं तिला जन्मभर आई म्हटलं नाही, गावासारखं आक्का म्हटलं. तेवढंच नाव तिला मिळालं आणि तेच पाटीवर आहे. ते मला नको."

जजसाहेबांनी चष्मा काढला. डेंटिस्टबाई रुमालात तोंड घालून रडत होत्या. मला वाटलं, समजलं. ताई, क्षणभर मला खरंच वाटलं की शेवटी यांना समजलं.

जजसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, पात्राची साक्ष अंतिम असते. बाईसाहेबांनी स्वतः हा मान नाकारला आहे, एका साध्या सुईणीसाठी स्वतःचं असणंसुद्धा नाकारलं आहे, तेव्हा मंडळ आपला अर्ज मागे घेत आहे. आणि टाळ्या. आजवर मला मिळाल्या नव्हत्या एवढ्या. मुख्याधिकारी व्यासपीठावर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काय मनाचा मोठेपणा होता हो त्यांचा."

कॅशियरनी तेच लिहिलं आहे, मी वाचून आले. 'थोर मनाच्या बाईसाहेबांनी सुईणीसाठी आपले नाव मागे घेतले.' सख्खी नात सांगत होती तेव्हा पुरावा मागितला. जी कधी जन्मलीच नाही, जी तोंडानं सांगते आहे की मी नाही, तिचं मात्र एका शब्दावर ऐकलं. मी ओरडून सांगितलं की अहो, हे मी बोलले, मी, आक्काची नात. जजसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो.

मोठ्या पाटीवर आक्काचंच नाव राहणार, हे नक्की झालं. पण पुढचंही ऐक. डेंटिस्टबाईंनी तिथल्या तिथे दुसरा ठराव मांडला आणि तो एकमतानं पास झाला. पाटीच्या खाली एक पितळी पट्टी बसवायची. तिच्यावर लिहायचं, 'बाईसाहेबांच्या औदार्याने.' खर्च मंडळ करणार. पुढच्या गुरुवारी बसवणार आहेत.

खुर्ची मी सोडली आहे. घरी येऊन कपाट आवरलं, मग पुन्हा तेच कपाट आवरलं. हात थांबत नाहीत.

तुझी,
चिंगी

३० ऑगस्ट

चिंगे,

मी बुधवारच्या गाडीनं येते आहे. नातू सोबत येईल, गुडघा गेला खड्ड्यात. त्यांना पट्टी शांतपणे बसवू दे, भाषणं करू दे, घरी जाऊ दे.

स्क्रू ड्रायव्हर तुझ्याकडे आहे की मी आणू?

ताई